विहारामागचा डबा

सुखदेवने विहारामागची पत्र्याची झडप वर उचलली, आत एकदाच पाहिले आणि झडप हातातून सोडून दिली. पण जे दिसायचे ते दिसून गेले होते. सकाळी विजय मास्तरने संडासाचा डबा रिकामा केला होता म्हणे. म्हणजे नुसता पालथा घातला असणार. कडेला, तळाला सगळे तसेच थापलेले होते, त्यावर दिवसभराची नवी भर पडली होती आणि भाद्रपदाच्या दमट उकाड्यात त्या सगळ्यावर पांढऱ्या अळ्यांची वळवळ चालली होती. झडप आदळली तशा माशा उठल्या आणि थेट त्याच्या तोंडावर आल्या. एक ओठाला बसली. सुखदेव भिंतीला हात टेकून वाकला आणि अकरा वाजता भंतेजींच्या पंगतीत मौन पाळून, एकेक घास सावधपणे चावून खाल्लेले वरण-भात सगळे चिखलात गेले.

"आजच पाहाले आले का, सुखदेवभाऊ?" मागून आवाज आला. "नंबर तर तुमचा उद्या हाय."

मधुकर होता, वस्तीतल्या बौद्ध समितीचा चिटणीस. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी त्याने डबा साफ केला होता आणि तेव्हापासून तो त्याबद्दल असा बोलत असे, की ऐकणाऱ्याला वाटावे हा एखाद्या लग्नातल्या बुंदीचे वर्णन करतो आहे.

"पयल्या झटक्याले येते वास. मंग काही नाही वाटत. मी तर फक्त पाहून राहिलो होतो. नाक वेगळं, वास वेगळा अन् मी वेगळा."

एवढे बोलून त्याने गालातल्या सुपारी-तंबाखूच्या खर्‍याची पिचकारी विहाराच्या भिंतीवर मारली. शिबिरात व्यसन करायचे नाही असा नियम त्यानेच कागदावर लिहून दारावर चिकटवला होता. सुखदेवला पुन्हा उमळून आले. ह्या वेळी डब्यामुळे नव्हे.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या त्या वस्तीत दहा दिवसांचे ध्यानाचे शिबिर पहिल्यांदाच भरले होते. छप्पनच्या दीक्षेला तीस वर्षे होत आली, तरी आपण जयंतीची मिरवणूक आणि लाऊडस्पीकर ह्यांच्या पुढे गेलो नाही, असे समितीच्या बैठकीत टेबलावर हात आपटून कोण म्हणाले होते? सुखदेवच. तहसील कचेरीतला बाबू, बेचाळीस वर्षांचा, कडक इस्त्रीचा शर्ट, नखे कापलेली. त्यानेच नागपूरला दोन खेपा करून भंतेजींना पावसाळ्यातल्या वर्षावासासाठी आणले होते. भंतेजी आसामकडचे, पिढीजात बौद्ध. मराठी त्यांना समजत नसे, हिंदी जेमतेम. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत दहा माणसे विहारात बसत आणि श्वास पाहत. शरीर म्हणजे काय, हे भंतेजी रोज दुपारी सांगत: केस, नखे, दात, कातडी, घाम, शेंबूड, पू, पोटातले अर्धवट पचलेले अन्न. हे सगळे ते इतक्या प्रसन्न चेहऱ्याने सांगत की सुखदेवला त्यांच्याकडे पाहवत नसे.

आणि पहिल्याच दिवशी भंतेजींनी विहाराच्या संडासाची पाळी लावली. नगरपालिकेची सफाईवाली फुलवंती रोज येऊन डबा नेत असे. भंतेजींनी तिला दहा दिवस येऊ नका म्हणून सांगितले. रोज एकाने डबा काढायचा, आवाराच्या टोकाला खणलेल्या खड्ड्यात ओतायचा, धुवायचा, राख टाकायची, आणि हे करताना मनात जे उठेल ते नुसते पाहायचे. मग सकाळच्या बैठकीत सर्वांना सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः केले. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सुखदेवचा सहावा नंबर आला.

भंतेजींना काय ठाऊक, की ते कोणाच्या हातात काय देत आहेत! त्यांच्याकडे खराटा म्हणजे खराटा. इथे तसे नव्हते. सुखदेवचा बाप कवडू तिगावजवळच्या खेड्यात मेलेली ढोरे ओढायचा आणि आई मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यामागची घाण काढायची. नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच आठवड्यात भैय्याजी नावाच्या कास्तकाराचा बैल मेला. कवडूने सांगितले, ओढणार नाही. बैल गोठ्यापुढे चार दिवस पडून राहिला. पोट फुगले, फुटले, कुत्री लचके तोडत राहिली, अख्खे गाव नाकाला पदर लावून फिरले. पाचव्या दिवशी भैय्याजीच्या पोरांनी तोंडाला फडकी बांधून तो स्वतः ओढला. बलुत्याचे धान्य बंद झाले आणि घर उठून सौंसरला आले, पण त्या चार दिवसांच्या दुर्गंधीचा सुखदेवच्या घरात अभिमान होता. लहानपणी तो वास त्यानेही घेतला होता, आणि बापाने त्याला सांगितले होते, घे पोटभर, हा आपल्या सुटकेचा वास आहे.

आणि आता तीस वर्षांनी हातात डबा. तोही कोणा मालकाने दिलेला नाही, आपल्याच भंतेजींनी आपल्याच विहारात दिलेला. ह्या गोष्टीचा त्याला अतोनात संताप येत होता, आणि संतापाच्या खाली साधी, ढळढळीत किळस होती. ती कुठल्याही इतिहासातून आलेली नव्हती. ती अळ्यांची होती.

बैठक सुटल्यावर तो भंतेजींच्या खोलीत गेला.

"भंतेजी, मुझे दूसरा काम दीजिए. हॉल झाड़ दूँगा. बर्तन माँज दूँगा, सबके. दस दिन."

"क्यों?"

"हमारे लोगों से ऐसा ही काम करवाते थे. मरे जानवर उठवाते थे. मेरे पिताजी ने छोड़ा. बहुत सहकर छोड़ा."

भंतेजींनी त्याला समोर बसायची खूण केली. मग म्हणाले, "किसी ने करवाया, वह दुख था. तुम नहीं करना चाहते, ठीक है. मत करो. सुबह सबके सामने बोल दो, मुझसे नहीं होगा. कोई दंड नहीं."

"सबके सामने?"

"हाँ. वह भी देखना है. बोलते समय मन में क्या उठता है."

सुखदेवने वाकून वंदन केले आणि बाहेर आला. सर्वांच्या समोर! मधुकरसमोर, ज्याने केले. विजय मास्तरसमोर, ज्याने निदान पालथा तरी घातला. टेबलावर हात आपटणाऱ्या सुखदेवबाबूने उठून म्हणायचे, की मला जमत नाही. मधुकर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर हेच सांगत बसला असता. डब्याला हात लावणे अशक्य होते आणि हे बोलणे त्याहून अशक्य. सकाळपर्यंत ह्यातले एक करायचे होते.

घरी येताना त्याला तिसरा मार्ग सुचला, आणि सुचला ह्याचीच त्याला आधी लाज वाटली. मग लाज मागे पडली.

त्याच्या घरचा संडासही डब्याचाच होता. फुलवंती रोज मागच्या बोळातून येई. ह्या बाईचा चेहरा त्याने वीस वर्षांत नीट पाहिला नव्हता. पाहिली होती ती पाठ आणि कमरेवरची टोपली. आज तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. ती आली तसा वारा त्याच्या दिशेने आला. त्याने श्वास रोखला. पाच दिवस जो पाहायला शिकत होता तोच.

"बाई, कल सुबह जरा जल्दी विहार में हो आना. पीछे से. किसी को बताना नहीं. चाय-पानी का देखेंगे."

फुलवंतीने टोपली खाली ठेवली. वय पन्नाशीचे, समोरचे दोन दात पडलेले.

"भंतेजी ने मेरेको दस दिन की छुट्टी दी है, बाबूजी. हाथ जोड़ के दी. मेरेको आज तक किसीने हाथ नहीं जोड़े."

"उनको पता नहीं चलेगा."

"मेरेको तो चलेगा." तिने टोपली उचलली. "आपके घर का रोज कर रही हूँ ना? वो करती रहूँगी."

ती गेली. सुखदेव वळला तेव्हा मागच्या ओट्यावर त्याची आई देवकाबाई सुपात तूर निवडत बसली होती. तिने सगळे ऐकले होते. ऐकले नाही असे दाखवायची तिला सवय नव्हती.

"तिले काहून सांगून राहिला तू? तिनं का पाप केलं?"

"मग मी करू का, माय?"

"तू नोको करू." ती एकदम म्हणाली. "तुह्या बापानं कायच्यासाठी सोडलं? तुह्या हातानं पोथी धरावी म्हून. तू हात नाही लावाचा. सांगून दे त्या भंतेले."

"सगळ्यांसमोर सांगा म्हणतात."

"मंग सांग."

"नाही सांगता येत."

देवकाबाईने तुरीतला एक खडा उचलून दूर फेकला. मुलाकडे पाहिले, इस्त्रीच्या शर्टावर कुठे तरी उलटीचा एक शिंतोडा वाळला होता, तिकडेही पाहिले. मग ती पुन्हा निवडू लागली. रात्री तो जेवायला उठला नाही. त्याची बायको शोभा हिला वाटले, ह्यांचे पोट बिघडले आहे. तिने मऊ भात केला आणि तो त्याने परत केला.

सकाळी सहाला विहारात पोचायचे होते. सुखदेव पाचला उठला, आंघोळ केली, परत हात धुतले, रुमालाच्या घडीत कापूर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. निघेपर्यंत पावणेसहा झाले. वाटेत त्याने ठरवले की सांगून टाकायचे. विहाराचे आवार दिसले तसे ठरवले, की डोळे मिटून करून टाकायचे. मागच्या बाजूला जाऊन नाकाला रुमाल लावला आणि झडप उचलली.

आत डबा नव्हता. डबा बाहेर होता, भिंतीशी उन्हाच्या बाजूला उपडा ठेवलेला, घासून घासून पत्रा पांढरा काढलेला. आतली फरशी धुतली होती. कोपऱ्यांतून खराटा फिरला होता, वर राख भुरभुरली होती. खड्ड्यावर ताजी माती ओढून दाबली होती. माशा होत्या, पण नेमके कुठे बसावे हे त्यांना कळत नव्हते.

फुलवंती! नको नको म्हणाली आणि येऊन गेली. सुखदेवला पहिल्यांदा वाटले, बरे झाले. दुसऱ्यांदा वाटले, कोणी पाहिले तर नाही? तिसरे काही वाटायच्या आत त्याने पँट पोटरीपर्यंत दुमडली, टाकीतले तांब्याभर पाणी पायांवर घेतले, थोडे बाह्यांवर शिंपडले, आणि राखेची एक चिमूट उचलून बोटांना चोळली. हे करताना तो अगदी सावध होता. पाच दिवसांत एवढे सावधपण त्याला एकदाही साधले नव्हते.

भंतेजी आले. त्यांनी डबा पाहिला, कोपरे पाहिले. सुखदेवपुढे त्यांनी हात जोडले.

बैठकीत त्याला सांगावे लागले. तो उठला. त्याला वाटले, दोन वाक्ये बोलू आणि बसू. पण तोंड उघडले आणि बोलणे आपोआप येऊ लागले.

"पहिल्यांदा फार किळस आली," तो म्हणाला. "इतकी, की वाटलं पळून जावं. मग आठवलं, पळायचं नाही, पाहायचं. मी किळस पाहत राहिलो. ती पोटातून उठली, गळ्यापर्यंत आली. मग हळूहळू विरून गेली. आणि मागे नुसते हात राहिले. काम करणारे हात."

कुठून आले हे शब्द, त्यालाच कळले नाही. सुंदर होते. भंतेजींना मधुकरने ते हिंदीतून सांगितले, आणि सांगता सांगता मधुकरचे डोळे भरून आले. विजय मास्तर खाली पाहू लागला. सगळ्यांनी तीन वेळा 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. सुखदेव खाली बसला, डोळे मिटले आणि श्वास पाहू लागला. श्वासाला वास येत होता. कापराचा नव्हे. आतून कुठून तरी, आंबल्यासारखा. डब्याची घाण निदान खड्ड्यात गेली होती. ही कुठे नेऊन ओतायची?

दुपारच्या सुट्टीत तो मागच्या बोळाने घरी निघाला. फुलवंती शेजारच्या घरामागून येत होती. सुखदेव थांबला. इकडे तिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला,

"बाई, बड़ा उपकार किया आपने."

"कैसा उपकार?"

"सुबह. विहार में."

"मैं गई ही नहीं, बाबूजी," ती म्हणाली. "बोला तो था." आणि पुढे निघून गेली.

सुखदेव जागच्या जागी उभा राहिला. मग भरभर चालत घराच्या मागच्या दाराशी आला.

देवकाबाई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. अंगावरचे लुगडे ओले होते, केस ओले होते. आंघोळ दोनदा तरी झालेली दिसत होती. दोन्ही हात तिने गुडघ्यांवर टेकून अंगापासून दूर धरले होते. हात लालबुंद होते. बाजूला राखेचे घमेले होते, अर्धे रिकामे.

शोभा दारातून म्हणाली, "पाहा ना अजी, आत्याबाई पहाटेच्या निघाल्या अन् आल्यापासून हातच घासून राहिल्या. कुठं गेल्या होत्या तर सांगत बी नाहीत. घरातबी येत नाहीत."

"तू जाय, भाकरी टाक," देवकाबाई म्हणाली. शोभा आत गेली.

शोभा चुलीपाशी बसल्याचे सुखदेवने वाकून पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "माय, तू कायले गेली?"

"तुले जमत नव्हतं. सांगताबी येत नव्हतं." ती त्याच्याकडे न पाहता बोलत होती. "मले वाटलं, तीस वर्सं झाली, भुलले असतील हात. नाही भुलत रे. डबा दिसला अन् लागले आपले कामाले. मले काहीच नाही वाटलं. थेच वंगाळ वाटलं." थोडे थांबून तिने विचारले, "झालं ना तुहं तिथं? चांगलं म्हणले ना सगळे?"

"हो," सुखदेव म्हणाला. "चांगलं म्हणाले."

"मंग झालं." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "पाणी दे बाबू. लय तहान लागली. सकाळपासून भांड्याले हात नाही लावला मी."

तो धावतच आत गेला. माठातून लोटा भरून आणला. पायरीच्या वर उभा राहिला. त्याला तिच्या पाया पडायचे होते, रडायचे होते, उद्या बैठकीत उठून काय सांगायचे तेही डोक्यात जुळू लागले होते. देवकाबाईने हात लांब केले. आधी बोटे धुतली, मग दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी नेली आणि मान खाली घातली. सुखदेव धार धरून राहिला. पाणी घटघट जात होते, कोपरांवरून गळत होते, पायरीवर उडत होते. ते अंगावर येऊ नये म्हणून त्याने एक पाय मागे घेतला.

ओंजळीत तोंड असतानाच देवकाबाई हसली. रागावून नाही, कोणी जुने ओळखीचे भेटावे तशी.

"मालगुजाराची बायकोबी पाणी इतक्याच वरून टाके," ती म्हणाली.

सुखदेवने लोटा झटकन खाली आणला. पण तोवर तिचे पिऊन झाले होते.